ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घरी बदलताय? मग पातळी तापमान बघूनच तपासा

मे महिन्यात माझ्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, ज्या ऑटोमॅटिक गाड्या येतात, त्यांतल्या बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच असतं. ऑइल घरी बदललं, जेवढं काढलं तेवढंच मोजून भरलं, तरी गाडी गिअर उशिरा पकडते किंवा धक्का मारते. विचारलं, "पातळी किती डिग्रीला बघितलीत?" तर समोरचा नुसता बघत राहतो. ऑइल बरोबर असतं, नट घट्ट असतात, मापही चुकलेलं नसतं. चुकलेलं असतं ते तापमान.

गिअरबॉक्सचं ऑइल, म्हणजे एटीएफ, तापलं की फुगतं. दर अंशाला फुगवटा साधारण दहा हजारात सात भाग. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण ८ लिटर ऑइल ३० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की पाव लिटरपेक्षा जास्त वाढतं, आणि गिअरबॉक्सच्या चेंबरमध्ये तेवढ्याने पातळी बोटभर वरखाली होते. पातळी कमी असेल तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. जास्त असेल तर फिरणारे भाग ऑइल घुसळून फेस करतात. दोन्हीकडे पंपाच्या तोंडी फेसच येतो, म्हणून लक्षणं सारखी दिसतात आणि माणूस उलटाच उपाय करत बसतो.

खाली लिहिलेलं सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या, ऑटोमॅटिकसाठी आहे. एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सला क्लच-गिअर हलवणारी यंत्रणा जोडलेली गाडी, यात येत नाही. सीव्हीटी आणि ड्युअल क्लच या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकचं ऑइल वेगळं आणि पद्धतही वेगळी. आपल्या गाडीत नेमकं काय आहे हे नक्की माहीत नसेल तर आज पाना हातात घेऊ नका.

१. आकडा आधी मिळवा

डिपस्टिक, म्हणजे पातळी बघायची काठी, नसलेल्या गिअरबॉक्सला खाली ओव्हरफ्लोचा नट असतो. इंजिन चालू ठेवून तो सोडला की जादा ऑइल वाहून जातं, नुसते थेंब पडू लागले की पातळी बरोबर. पण ती कुठल्या तापमानाला बघायची, हा आकडा प्रत्येक गिअरबॉक्सचा वेगळा असतो. तो गाडीच्या कंपनीवरून ठरत नाही, गिअरबॉक्सवरून ठरतो. अंदाज यावा म्हणून काही पेट्यांचे, म्हणजे गिअरबॉक्सचे, आकडे देतो (आयसिन आणि झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपन्या):

- आयसिनच्या बऱ्याच सहा गिअरवाल्या पेट्या: ३५ ते ४५ अंश
- झेडएफची आठ गिअरवाली: ३० ते ५० अंश
- ह्युंदाई-कियाची सहा गिअरवाली: ५० ते ६० अंश
- जुन्या, डिपस्टिकवाल्या चार गिअरच्या पेट्या: गरम खुणेसाठी साधारण ७० ते ८० अंश

हे आकडे तसेच्या तसे वापरू नका. आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघा आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. गाडीखाली पाठीवर पडल्यावर कोणाला काही आठवत नाही.

त्याच मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन आकडे दिलेले असतात, एक पूर्ण क्षमतेचा आणि एक बदलण्याचा. नटातून ऑइल काढलं की एकूण ऑइलाचा एखादा तिसरा हिस्सा, फार तर अर्धं बाहेर येतं. बाकीचं कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांत राहतं. पूर्ण क्षमतेचा आकडा वाचून तेवढं ओतणारे मी दोघं तरी बघितलेत. एकाच्या गाडीचं ऑइल गिअरबॉक्सच्या हवा जायच्या नळीतून बाहेर येऊन गरम सायलेन्सरवर पडलं आणि वाडीभर धूर झाला.

२. तापमान कशाने बघणार ते ठरवा

उत्तम साधन म्हणजे गाडीच्या ओबीडी पोर्टात, म्हणजे तपासणीच्या सॉकेटात, लागणारा स्कॅनर. तो गिअरबॉक्सच्या आतल्या सेन्सरचा आकडा दाखवतो. स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल आणि फोनवरचं ॲपही चालतं, पण लोक सर्वांत जास्त फसतात ते इथेच. या ॲपमध्ये 'टेम्परेचर' नावाचे तीन-चार आकडे असतात आणि पहिला सापडतो तो इंजिनच्या कूलंटचा. तो सगळ्या गाड्यांत सहज मिळतो. गिअरबॉक्सचा मात्र कंपनीचा खास कोड घातल्याशिवाय बऱ्याचदा दिसतच नाही.

मीही असाच फसलोय. शेजारच्या काकांची गाडी होती, स्क्रीनवर ४१ दिसले म्हणून नट सोडला, थेंब पडायला लागल्यावर बंद केला आणि खूश होऊन चहा घेतला. दुसऱ्या दिवशी काका आले ते गाडी धक्के मारते म्हणून. मी बघत होतो तो कूलंटचा आकडा. थंड इंजिन चालू केलं की कूलंट भराभर तापतं, गिअरबॉक्सचं ऑइल मागून रेंगाळत येतं. कूलंट ४१ वर असताना ऑइल जेमतेम तिशीत होतं. त्या तापमानाला काठोकाठ केलेलं ऑइल गरम झाल्यावर जास्तच होणार.

> पडताळणी: गाडी रात्रभर उभी ठेवा. पहाटे इंजिन न लावता फक्त इग्निशन चालू करा. कूलंट, आत येणारी हवा आणि गिअरबॉक्स, तिन्ही आकडे एकमेकांच्या दोन-तीन अंशांत असायला हवेत. मग इंजिन लावा आणि पाच मिनिटं बघा. कूलंट पुढे पळालं आणि एक आकडा सावकाश मागून येत राहिला, तर तोच गिअरबॉक्सचा. दोन्ही जोडीने चढत असतील तर तुम्ही कूलंटच दोनदा बघताय.

टोयोटाच्या काही गाड्यांत स्कॅनरशिवाय बघायची सोय आहे. ओबीडी पोर्टाच्या ४ आणि १३ नंबरच्या पिना तारेने जोडायच्या आणि मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे गिअर एन-डी असा हलवायचा. मग डॅशबोर्डवरचा डीचा दिवा तापमान सांगतो. दिवा पेटून राहिला तर बरोबर, विझलेला असेल तर कमी, लुकलुकला तर जास्त. मात्र पिना मोजताना दोनदा मोजा. १६ नंबरच्या पिनेत बॅटरीचा करंट असतो, ती चुकून ४ ला टेकली तर फ्यूज गेलाच.

लेझरवाल्या तापमान-बंदुकीवर माझा फारसा विश्वास नाही. ती चेंबरच्या बाहेरच्या पत्र्याचं तापमान दाखवते, आतल्या ऑइलचं नाही. त्यातून ॲल्युमिनियमचा चेंबर चकचकीत असेल तर आकडा आणखी कमी येतो. दुसरा इलाजच नसेल तर चेंबरवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि तिच्यावर नेम धरा.

३. पहाट गाठा

कोकणात काम करणाऱ्याने हा मुद्दा सोडू नये. थंड प्रदेशातली माणसं ऑइल तापायची वाट बघतात. आपली अडचण उलटी आहे. मे महिन्यात दुपारी देवगड-मालवणकडे सावलीतही ३३-३४ अंश असतात आणि उन्हात उभ्या गाडीचा चेंबर त्याहून वर. तुमच्या पेटीची मर्यादा ३५ ते ४५ असेल तर इंजिन लावायच्या आधीच तुम्ही उंबरठ्यावर उभे आहात. ऑइल भरून, गिअर फिरवून गाडीखाली शिरेपर्यंत ४५ ओलांडून जातात. मग थंड व्हायची वाट बघायची, आणि दमट हवेत, वारा पडलेला असताना, ते संध्याकाळपर्यंत चाळिशीखाली यायचं नाव घेत नाही.

म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच जागेवर लावा आणि पहाटे साडेपाच-सहाला सुरुवात करा. तेव्हा ऑइल २६-२७ अंशांवर असतं, हाताशी वेळ राहतो. नवीन ऑइलचा डबाही रात्रभर घरातच ठेवा. डिकीत राहिलेला डबा दुपारभर तापलेला असतो. ज्यांची मर्यादा ५० ते ६० आहे त्यांना इतकी घाई नाही, पण पहाट त्यांनाही बरी.

पावसाळ्यात उघड्यावर हे काम करूच नका. डब्यात किंवा फिलरच्या, म्हणजे ऑइल भरायच्या, भोकात पाण्याचा थेंबही जाता कामा नये.

४. गाडी समतल करा

आपली खळी दिसायला सपाट असतात, पण पावसाचं पाणी जायला त्यांना उतार दिलेला असतो. डोळ्यांना तो कळत नाही, ऑइलला कळतो. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी मागून आणा आणि चारही चाकांच्या जागा तिने तपासा. फरक असेल तिथे चाकाखाली रुंद, भरीव लाकडी फळी घाला.

खालून शिरायला जागा असलेली उंच गाडी असेल तर ती फळ्यांवरच ठेवून काम करा, जॅकच्या भानगडीत पडू नका. उचलावीच लागली तर चारही बाजूंनी उचला. पुढून वर आणि मागून जमिनीवर असलेल्या गाडीची पातळी बघण्यात अर्थ नाही. त्यासाठी आधी समतल जमिनीवर दाराखालच्या पट्टीला फोन लावून कोन नोंदवून घ्या. घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवल्यावर तोच कोन आला पाहिजे.

> सावधान: गाडीखाली जांभ्या दगडाचे चिरे लावू नका. जांभा वजनाखाली न सांगता फुटतो. आधार लोखंडी घोडीचाच हवा. हे काम चालू इंजिनाच्या गाडीखाली पडून करायचं आहे, हे विसरू नका.

५. भरायचा नट आधी उघडा

काढायचा नट आधी उघडला, ऑइल सगळं खाली आलं आणि मग कळलं की भरायचा नट गंजून बसलाय. अशी गाडी टो करूनच न्यावी लागते. खाऱ्या हवेतल्या गाड्यांत हे नेहमीचं आहे. म्हणून आदल्या दिवशीच नटाभोवतीची माती ब्रशने झाडा, गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि पहाटे पहिला पाना फिलरलाच लावा. तो सुटला तरच पुढे जा. नटाचं तोंड ॲलन कीचं, म्हणजे आत षटकोनी खाच असलेलं, असेल तर आतली माती टाचणीने कोरून काढा. की अर्धवट बसली तर तोंड गोल होतं.

६. काढा आणि मोजा

ऑइल थंड असतानाच काढा. गरम ऑइल लवकर वाहतं हे खरं, पण इथे थंडच सोयीचं. काढलेलं आणि भरायचं ऑइल एकाच तापमानाला असलं की लिटरचा हिशोब जुळतो.

बऱ्याच पेट्यांत ओव्हरफ्लोचा नट आणि काढायचा नट एकाच भोकात असतात. बाहेरचा नट काढला की थोडंसंच ऑइल येतं आणि माणसाला वाटतं, संपलं. आत एक छोटी उभी नळी असते. ती ॲलन कीने फिरवून काढली की उरलेलं ऑइल येतं. ही नळी परत बसवायला विसरू नका. ती नसेल तर नंतर पातळी बघताना चेंबरच रिकामा होईल आणि का ते समजणारही नाही.

ऑइल खुणा केलेल्या डब्यांत गोळा करा. धार थांबली तरी अर्धा तास थेंब पडू द्या, मग मोजून आकडा लिहा. रंगही बघा. गडद तपकिरी असेल तर जुनं झालंय. जळका वास आणि तळाशी चमकणारा चुरा असेल तर आतल्या क्लच प्लेट बघायला हव्यात. गुलाबी, दुधट दिसत असेल तर आत पाणी गेलंय. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात बुडालेल्या गाड्यांचं ऑइल असं असणं नवल नव्हतं. अशा पेटीला एकदा ऑइल बदलून भागत नाही, तिला मेकॅनिककडेच न्या.

७. भरणं

नळी आणि ओव्हरफ्लोचा नट बसवा, नट हातानेच सैलसर ठेवा. काढलं तेवढं ऑइल भरा आणि वर साधारण ३०० मिली जादा घाला. जादा आहे ते ओव्हरफ्लोतून आपोआप येईल, कमी पडलं तर मात्र पुन्हा सगळी कसरत. लांब पारदर्शक नळी लावलेलं नरसाळं असलं की वरून भरता येतं. फिलर बाजूला खाली असेल तर हातपंप लागतो.

पुसायला गॅरेजमधली बनियनची चिंधी नको. तिचे धागे आतल्या बारीक वाल्व्हमध्ये अडकतात. धुतलेला जुना टेरिकॉटचा शर्ट फाडून घ्या.

८. गिअर फिरवा, पण खाली कोणी नसताना

हँडब्रेक ओढा, चाकांना ओंडके लावा. एक माणूस सीटवर बसून ब्रेक पूर्ण दाबून धरेल. एसी बंद. इंजिन लावा आणि पी, आर, एन, डी असं एकेका गिअरवर पाच-पाच सेकंद थांबत दोनदा जाऊन या. त्याने कन्व्हर्टर आणि आतल्या वाटा ऑइलने भरतात. हे न करता पातळी बघितली तर ऑइल भरपूर दिसतं, आणि पहिल्या चक्करीत आत शोषलं जाऊन कमी पडतं.

गिअर पीवर आला, सीटवरच्याने तोंडाने "पी" म्हटलं, मगच खाली शिरायचं. हे शेडमध्ये दार लावून करू नका, धूर कोंडतो.

९. इथे घाई करायची नाही

आता इंजिन चालूच राहणार. पातळी बघताना इंजिन बंद करणं ही माझ्या मते या कामातली सर्वांत महागडी चूक. इंजिन थांबलं की कन्व्हर्टरमधलं ऑइल परत चेंबरमध्ये उतरतं, पातळी वर येते, नट सोडला की भळाभळा ऑइल येतं आणि माणूस म्हणतो, "अरे, फारच जास्त झालं होतं!" तो लिटरभर गरजेचं ऑइल काढून टाकतो.

माझ्याकडे हे काम दोघांचं असतं. पुतण्या सीटवर फोन धरून बसतो आणि मोठ्याने आकडे वाचतो. मी खाली, हातात पाना, तोंडाजवळ सायलेन्सरची धग. "एकतीस... बत्तीस..." नुसत्या चालू इंजिनावर माझ्याकडच्या गाड्यांत मिनिटाला दीड-दोन अंश चढतात. म्हणजे ३५ ते ४५ च्या मर्यादेत पाच-सहा मिनिटं मिळतात. "काका, सदतीस झाले!" की मी नट सोडतो.

- धार जोरात आली: जादा भरलंय, ठीक आहे. वाहू द्या. धार बारीक होत होत थेंबांवर येईल. थेंब-थेंब पडायला लागलं की लगेच नट लावा.
- चार थेंब पडून थांबलं: ते नळीतलं राहिलेलं असू शकतं. याला पातळी समजू नका. वरून १०० मिली घाला आणि पुन्हा बघा.
- काहीच आलं नाही: ऑइल कमी आहे. नट लावा, २०० मिली घाला, मग सोडा. वाट बघत बसू नका, ऑइल तापतच असतं.
- वरची मर्यादा ओलांडली: नट लावा, इंजिन बंद करा, सगळं थंड होऊ द्या. "एकच अंश तर आहे" म्हणून रेटू नका.

धार आणि थेंब यांच्यात एक फसवी अवस्था असते. धार तुटते, परत जुळते, परत तुटते. इंजिनाच्या थरथरीने ऑइल आत हलत असतं म्हणून तसं होतं. तुटक धार म्हणजे अजून जादा आहे. मोजता येतील असे सुटे थेंब पडू लागेपर्यंत थांबा. पण उलटही करू नका. मर्यादेच्या वरच्या टोकापर्यंत नट उघडा ठेवला तर ऑइल फुगत राहतं, थेंब पडतच राहतात आणि हळूहळू गरजेपेक्षा जास्त निघून जातं. मी मर्यादेच्या मधोमध, चाळिशीच्या आसपास बंद करतो.

> पडताळणी: एकूण भरलेल्यातून ओव्हरफ्लोने आलेलं वजा करा. उत्तर काढलेल्या ऑइलच्या जवळपास असायला हवं. अर्ध्या लिटरहून जास्त फरक असेल तर एक तर आधीपासून पातळी चुकलेली होती, नाहीतर आत्ता तुमचं तापमान चुकलंय. आधी दुसऱ्या शक्यतेचा, म्हणजे तापमानाचा, संशय घ्या.

शेवटी नवीन वायसर घालून नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याएवढाच आवळा. चेंबर ॲल्युमिनियमचा असतो, जोर केला की आटे जातात.

१०. डिपस्टिकवाल्यांसाठी

तुमचं काम सोपं, पण चुकीला जागा आहेच. डिपस्टिकवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात. थंड खूण फक्त भरतानाच्या अंदाजासाठी, निकाल गरम खुणेवर. त्यासाठी गाडी सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवा, इंजिन चालू, गिअर पीवर, मग काठी काढून पुसा, घाला, परत काढा. दोन्ही बाजूंवर ऑइलची रेष वेगळी दिसली तर खालची खरी माना. भरल्या भरल्या बघू नका, नळीच्या भिंतीला लागलेलं ऑइल काठीला चोपडलं जातं.

"गाडी चांगली गरम करून आणली" म्हणून कोणी आंबोली किंवा आंबा घाट चढून थेट पातळी बघायला येतं. घाटात ऑइल ८० च्या बरंच वर जातं आणि पातळी जास्तच दिसणार. अशा वेळी काढायला जाऊ नका. अर्धा तास उभी करा, मग सपाटीवर थोडी फिरवून बघा.

११. दोन दिवसांनी

पुढच्या दोन दिवसांत रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून थेंब आहेत का बघा. गिअर बदलायला उशीर, चढावर इंजिनाचा आवाज वाढून वेग न वाढणं, यांतलं काही दिसलं तर एका पहाटे पातळी पुन्हा तपासा. वरून अंदाजाने ऑइल घालू नका.

जुनं ऑइल गडग्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून चोपडायची किंवा परसात ओतायची सवय आपल्याकडे आहे. जांभा सच्छिद्र असतो, ओतलेलं खाली उतरतं, आणि पुढे विहीर असते. नवीन ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरा, बूच घट्ट लावा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

काढलं किती, भरलं किती, नट किती अंशांना बंद केला आणि किलोमीटर किती झाले होते, हे चार आकडे गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात लिहून ठेवा.